अमेरिकेत आयडीशिवाय मतदान? अर्धंच खरं

‘अमेरिकेत कुठंच आयडी लागत नाही, कोणीही जाऊन मत टाकतो’ असा फॉरवर्ड फिरतोय, तो चुकीचा आहे. तिथं नियम राज्यागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात बहुतेकांना बूथवर आयडी दाखवावा लागत नाही हे खरंय, पण इंडियानात फोटो आयडी लागतोच आणि तो कायदा २००८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही मान्य केलाय. टेक्सासात तर बंदुकीचं लायसन्स चालतं, कॉलेजचं आयकार्ड नाही (हे वाचून मी पण हसलो).

आणि २००२ च्या केंद्रीय कायद्यानुसार नावनोंदणीलाच ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबरचे (तिथला सरकारी ओळख क्रमांक) शेवटचे ४ आकडे मागतात, नसेल कुणाकडे तर वेगळा नंबर देतात.

दुसरी बाजूही ऐका, ‘आयडीमुळे मतदान कोसळतं’ हेही सरसकट खरं नाही, २००८ ते २०१८ चा डेटा तपासलेल्या एका मोठ्या अभ्यासात कडक कायद्यांनी एकूण मतदान घटल्याचं दिसलं नाही, पण फ्रॉड कमी झाल्याचंही दिसलं नाही.