‘माझी काही तक्रार नाही’

तीन वर्षांपूर्वी माझ्या मामेभावाला विहिरीवरच्या मोटरच्या चोरीत संशयावरून ठाण्यात नेलं. रात्रभर पट्टा. सकाळी मोटर दुसऱ्याच गावात सापडली म्हणून सोडलं, पण सोडण्याआधी एका कागदावर सही घेतली. ‘मला मारहाण झालेली नाही, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.’

दुपारी गावातली चार माणसं मामाच्या ओसरीत येऊन बसली. “पोलिसाशी वैर घेऊन वावर होत नाही बाप्पा.” ठाण्याकडून औषधपाण्याला म्हणून पाच हजार आणले होते. मामानं घेतले. कापूस वेचणीला आला होता, बायांची मजुरी द्यायची होती. मामाला मी तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

माझा राग त्या कागदावर आहे. मिनियापोलिसमध्ये २०२० साली पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला. शहरानं २०२१ मध्ये त्याच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला. रक्कम जगानं वाचली, आणि खुनाचा खटला तरीही चालला, पोलीस तुरुंगात गेला. आपल्याकडेही कायदा वेगळा नाही. ओडिशाच्या नीलाबती बेहरा यांच्या मुलाचा पोलीस कोठडीत जीव गेला. त्या माउलीनं सुप्रीम कोर्टाला नुसतं पत्र लिहिलं. १९९३ मध्ये कोर्टानं राज्य सरकारला दीड लाख द्यायला लावले, आणि दोषींवरच्या कारवाईची वाट मोकळीच ठेवली. पैसे घेतले म्हणजे केस मिटली, हे आपल्या ओसरीतलं शास्त्र आहे, कोर्टातलं नाही.

आपला समझोता तक्रार लिहिण्याआधीच होतो. मग दिवस जातात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मधली, पोलिसावर खटला भरायची सहा महिन्यांची मुदत आडवी येते. मानवाधिकार आयोगाची मुदत एक वर्षाची. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण निदान वर्षभर ठेवा, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय, त्यानंतर मागायचं कुणाकडे? आणि अंगावरचे वळ तर पंधरा दिवसांत जातात. देसाईगंजचं ठाणं आपल्याच विदर्भातलं. १९७२ साली तिथं एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडताना तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, हेही कारण दिलं. १९८३ मध्ये कायदा बदलला, तिला त्याचा काय उपयोग?

मागच्या महिन्यात शेजारच्या पोराला असंच नेलं. त्याच्यासमोरही तोच कागद ठेवला. त्यानं सही केली नाही. (किती हिंमत लागते, हे ठाण्यात रात्र काढलेल्यालाच ठाऊक.) सकाळी त्याला आधी ग्रामीण रुग्णालयात नेलं, डॉक्टरकडून एकेक वळ लिहून घेतला. मग एसपी साहेबांच्या नावानं अर्ज, रजिस्टर पोस्टानं. एक प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला.

संध्याकाळी तीच चार माणसं त्यांच्या ओसरीत आली. पोराच्या आईनं चहा दिला, आणि पोस्टाची पावती समोर ठेवली.