रानटर्कीच्या शिकारीचे आदर्श नियोजन

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वसंतातील रानटर्कीच्या शिकारीला जाण्याचा आपला निर्धार पक्का झाला असेल, तर सर्वप्रथम 10 डिसेंबर ही अर्जाची अंतिम तारीख विसरून जावी. एप्रिलमधल्या शिकारीची काळजी ऐन थंडीत करणे हे अरसिकपणाचे लक्षण आहे. राज्याचे 7 विभाग आणि आठवडाभराचे 6 कालावधी पाडून परवान्यांची सोडत निघते, आणि म्हाडाचे अर्ज भरून थकलेल्या मराठी माणसाला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. मुदत हुकलीच, तर मार्चमध्ये उरलेसुरले परवाने विक्रीस येतात. त्यांत मे महिन्याच्या उत्तरार्धाचा परवाना पदरी पडला, तर दाट झाडीत पक्षी दिसला नाही तरी डास आणि गोचिडी आपली निराशा करणार नाहीत.

परवान्यावर कोणता विभाग छापला आहे हे पाहण्याची घाई करू नये. शेतमालकाची परवानगीही आगाऊ मागू नये. पहाटेच्या अंधारात त्याचा कुत्रा आपली ओळख करून देईलच.

पोशाखात लाल, पांढरा आणि निळा हे रंग आवर्जून असावेत. रंगात आलेल्या नराचे डोके नेमके याच तीन रंगांचे दिसते, त्यामुळे पलीकडच्या झुडपात बंदूक रोखून बसलेला दुसरा शिकारी आपली दखल घेतल्याशिवाय राहणार नाही. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून नराला भुलवण्यास बंदी असल्याने मादीची साद स्वतःच काढावी लागते. त्यासाठीची लाकडी डबी घासण्याची तालीम फ्लॅटमध्ये रात्री अकरानंतर करावी, म्हणजे सोसायटीत आपले नाव होते. फक्त नर किंवा दाढी असलेला पक्षीच मारता येतो. ही दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा राठ केसांसारखा झुबका असतो, पण झुंजूमुंजू उजेडात इतक्या बारकाईने पाहत बसले तर बंदूक चालवायची कधी?

एवढे नियम कशाला, असा प्रश्न आपल्याला पडणे स्वाभाविक आहे. पूर्वी असा जाच नव्हता. मनमुराद शिकार आणि जंगलतोड यांचा आनंद लोकांनी इतक्या मोकळेपणाने घेतला की एकोणिसावे शतक सरेपर्यंत या राज्यात रानटर्की नावालाही उरली नाही, आणि शिकाऱ्यांची परवान्यांच्या कटकटीतून कायमची सुटका झाली. दुर्दैवाने 1976 मध्ये सरकारने ग्राऊस पक्ष्यांच्या बदल्यात मिसुरी राज्यातून रानटर्की आणून व्हर्नन काउंटीत सोडल्या, त्या फोफावल्या आणि 1983 पासून वसंतातील शिकारीसह ही सारी कागदपत्रे परत आली.

इतके करूनही पक्षी मिळालाच, तर दुसऱ्या दिवशी सायंकाळी 5 वाजण्यापूर्वी त्याची नोंदणी करायची असते. ती सवडीने करावी. छायाचित्र मात्र तारीख, वेळ आणि ठिकाणासह तत्काळ फेसबुकवर टाकावे, म्हणजे शिकारीच्या नियमांवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनला पत्ता शोधत फिरावे लागणार नाही.