‘सुईचा जमाना संपला’ हा मेसेज आणि आत्याचं थांबलेलं इन्सुलिन

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. आयआयटी मुंबईने जगातलं पहिलं बिनसुईचं इंजेक्शन काढलंय, ते अजिबात दुखत नाही, कुठलंही औषध त्यातून देता येतं, इन्सुलिन तर आता तोंडाने ओढूनही घेता येतं, तेव्हा शुगरवाल्यांनी पोटात सुया टोचणं बंद करा, आणि कंपन्या हे दाबून ठेवतायत म्हणून सगळ्यांना पाठवा, असं सगळं एकातच. मी एरवी सोडून दिलं असतं, पण इचलकरंजीच्या माझ्या आत्याने तो वाचून नऊ दिवस इन्सुलिन घेतलंच नाही, नवीन मशीन येतंय ना मग कशाला टोचायचं म्हणून, आणि शुगर 420 झाली तेव्हा आम्हाला कळलं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आयआयटीचं संशोधन खरं आहे, आणि चांगलं आहे. पवईला एरोस्पेस विभागात प्रा. विरेन मेनेझिस यांच्या टीमने ‘शॉक सिरिंज’ बनवली. बॉलपेनपेक्षा थोडी लांब नळी, त्यात नायट्रोजन वायूच्या दाबाने शॉक वेव्ह, म्हणजे दाबाची जोरदार लाट, तयार होते आणि ती औषधाची बारीक धार बाहेर फेकते, विमान टेक-ऑफ घेताना जेवढ्या वेगात असतं त्याच्या जवळपास दुप्पट वेगाने. धार निघते ते भोक 125 मायक्रॉनचं, म्हणजे केसाच्या जाडीचं. डायबेटिस झालेल्या उंदरांना यातून इन्सुलिन दिलं तर शुगर जास्त वेळ खाली राहिली, असं त्यांना 2024 च्या पेपरमध्ये दिसलं. पण वाचलंत ना, उंदरांना. तिथून माणसांवरच्या चाचण्या, मग परवानगी, मग दुकान. आत्याचं आजचं इन्सुलिन त्यासाठी थांबू शकत नाही.

आता ‘जगातलं पहिलं’. नाही हो. दाबाने औषध कातडीत घुसवणारे जेट इंजेक्टर 1940 च्या दशकापासून आहेत, अमेरिकन सैन्यात रांगेत उभं करून धडाधड लस द्यायचे. अडचण अशी झाली की एकच नोझल माणसामागून माणसाला लागायचं आणि रक्ताचा अंश त्यावर राहायचा. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियात वजन कमी करायच्या एका क्लिनिकमध्ये अशा मशीनमधून बऱ्याच जणांना हिपॅटायटिस बी झाला, आणि 1997 मध्ये अमेरिकन सैन्यानेही ती मशीन्स बंद केली. सुई नाही म्हणजे इन्फेक्शन नाही असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. नंतर एकदाच वापरून टाकायच्या सिरिंजची जेट उपकरणं आली. आणि आपल्याकडे तर हे होऊन गेलंय, झायडस कंपनीच्या झायकोव्ह-डी या कोविड लसीला ऑगस्ट 2021 मध्ये परवानगी मिळाली ती बिनसुईचीच होती, तीन डोस, दर वेळी दोन्ही दंडांवर एकेक फटका.

‘अजिबात दुखत नाही’ हेही तसंच. धार कातडीवर आपटते, त्यामुळे काहींना चटका बसल्यासारखं होतं, काळंनिळं पडतं, कधी थेंबभर रक्तही येतं. सुईपेक्षा कमी दुखलं असं म्हणणारे आहेतच, पण अजिबात नाही असं कुणी छातीठोक सांगू नये. आणि मला खरं इथे बोलायचंय, कारण आत्या घाबरते ती दुखतं म्हणून. गेल्या रविवारी तिचं इन्सुलिन टोचायचं पेन हातात घेऊन बघितलं. सुई 4 मिलिमीटरची, जाडी पाव मिलिमीटरहूनही कमी, आणि ती बाई एकच सुई पंधरा-पंधरा दिवस वापरत होती! उजेडात तिरकी धरली तर टोक वाकलेलं दिसत होतं. शिवाय नवं पेन फ्रीजमधून काढलं की थंडगारच टोचायचं, आणि जागा कायम तीच, बेंबीच्या डाव्या बाजूला, तिथे आता गाठ झालीय, त्या गाठीत इन्सुलिन नीट शोषलंही जात नाही. नवी सुई लावली, पेन थोडा वेळ बाहेर ठेवलं, जागा बदलली. टोचून झाल्यावर म्हणते, ‘झालं पण?’ हे तिला एवढ्या वर्षांत कुणीही बसून दाखवलं नव्हतं, याचा मला जास्त राग आहे.

‘कुठलंही औषध’ यावर फार नको. बिनसुईचं औषध आपण रोज घेतोच की, पोलिओचे थेंब, दम्याचा पंप, छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट, फिट आलेल्या मुलाच्या नाकात मिडाझोलामचा स्प्रे. पण औषधाप्रमाणे वाट ठरते. इन्सुलिन प्रोटीन आहे, गिळलं की जठरात पचून जातं. कातडीवर पॅच लावून जायला रेणू साधारण 500 डाल्टनच्या (रेणूचं वजन मोजायचं एकक) आतला लागतो, इन्सुलिनचा आहे 5,800 च्या आसपास. सेमाग्लुटाइड या डायबेटिसच्या टोचायच्या औषधाची गोळी निघालीय, तीसुद्धा उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याबरोबरच, आणि पुढे अर्धा तास काही खायचं नाही, तरी गोळीतलं जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोचतं.

तोंडाने ओढायचं इन्सुलिनही खरं आहे, अफ्रेझा नाव, अमेरिकेत 2014 मध्ये आणि भारतात डिसेंबर 2024 मध्ये परवानगी मिळाली. पण ते जेवणाच्या वेळचं, झटकन चढणारं नि दोन-तीन तासांत उतरणारं. टाइप 1 डायबेटिसच्या, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा, पेशंटला दिवसभराचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन टोचूनच घ्यावं लागतं, त्यांचं हे टोचायचं इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. दमा किंवा सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) असेल तर अफ्रेझा द्यायचंच नाही, सिगारेट ओढणाऱ्यांनाही नाही, आणि सुरू करण्याआधी फुफ्फुसांची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची तपासणी, लागते. आत्याला दमा आहे, विषय संपला.

आणि कंपन्या दाबतात म्हणे. फायझरने 2006 मध्ये एक्झुबेरा नावाचं ओढायचं इन्सुलिन स्वतःच बाजारात आणलं होतं. उपकरण टॉर्चएवढं मोठं, लोकांनी घेतलं नाही, 2007 मध्ये गुंडाळलं आणि 2.8 अब्ज डॉलरचा फटका खाल्ला. दाबून ठेवायचं असतं तर एवढे पैसे कशाला घालवले असते?

तो मेसेज ज्या काकांनी टाकला त्यांना मी फोन केला, त्यांनी डिलीट केला आणि ग्रुपवर तसं लिहिलंही. आत्याला आज सुयांचं नवं पाकीट पाठवलंय. रात्री नऊला तिचा फोन येतो, 12 युनिट घेतले, आज उजवीकडे, असं सांगायला.