नोर नदीला आजारी का म्हटलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आयर्लंडमधल्या नोर नदीला मी माझ्या लेखात आजारी म्हटलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली.

"फोटोत तळाचे गोटे मोजता येतात, काठावर गायी चरतायत, कारखान्याचा पत्ता नाही. मुळा-मुठा पाहिलेल्या माणसाला ही नदी आजारी म्हणणं म्हणजे चोचले वाटतात," असं तुम्ही लिहिलंत. नोर समुद्राला मिळते असं मी लिहिलं होतं, ती तशी मिळत नाही, हेही दाखवलंत. ती चूक कबूल. टिपररी परगण्यातल्या डेव्हिल्स बिट डोंगरातून निघालेली नोर सुमारे १४० किलोमीटर वाहून न्यू रॉस गावाच्या वरच्या अंगाला बॅरो नदीत शिरते. समुद्राच्या भरतीचं पाणी नोरमध्ये इनिशटीग गावापर्यंत चढतं, तिथे माझा घोळ झाला. लेखात दुरुस्ती करतो.

चोचल्यांचं मात्र पटलं नाही. मुळा-मुठेची फूटपट्टी लावली तर जगातली कुठलीही नदी ठणठणीतच निघेल!

नोरमध्ये मोत्याच्या शिंपल्याचा एक प्रकार आहे. चुनखडीच्या जड पाण्यात राहणारा हा प्रकार फक्त याच नदीत सापडतो. डरो गावावरून त्याला 'डरोव्हेन्सिस' नाव पडलं. आयुष्य जवळपास माणसाएवढं. पण १९७० नंतर नदीत त्याची नवी पिढी तगलेली नाही, म्हणजे उरलेत ते सगळे पन्नाशी ओलांडलेले. माद्या पिल्लं सोडतात, ती ट्राउट माशाच्या कल्ल्यांना चिकटून हिवाळा काढतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तळाला पडतात. पुढची साधारण ५ वर्षं त्यांना खडीच्या फटींत गाडून घेऊन काढायची असतात. त्या फटींत गाळ बसलाय. आत प्राणवायू पोचत नाही, पिल्लं गुदमरतात.

गाळ येतो कुठून? तुम्हाला आवडलेल्या गायींकडूनही. पाण्यावर उतरताना त्या काठ तुडवतात. शिवाय नांगरलेल्या शेतांतून, चरांतून पावसाबरोबर माती येते. दोन-चार दिवस नदी गढूळ, मग पुन्हा नितळ. अशाच एका नितळ दिवशी मी फोटो काढला, हा दोष माझा.

"मग खंड्या कसा दिसतो?" हा तुमचा प्रश्न चांगला आहे. त्याला वरून मासा दिसला आणि बिळासाठी मातीची उभी दरड मिळाली की झालं. खडीच्या फटींशी त्याचं काय देणंघेणं?

२००५ पासून या शिंपल्यांची पिल्लं टाक्यांमध्ये वाढवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ती सोडायची मात्र याच तळात.

पुढच्या खेपेला शिंपले नसलेल्या जागी बुटाने खडी ढवळेन आणि वर उठणाऱ्या गाळाच्या ढगाचा फोटो टाकेन.