भेटीचे कारण : यू-टर्न

परवा एका परक्या फाटकावरच्या वहीत मी सही करून आलो. नाव, गाडीचा नंबर, आत येण्याची वेळ, आणि ‘भेटीचे कारण’ या रकान्यात वॉचमनच्या टपोऱ्या अक्षरात ‘रस्ता चुकले’. आदरार्थी बहुवचन लिहिलं होतं, तेवढंच समाधान.

गाडीत वाटाडे दोन होते. डॅशबोर्डवर माझा फोन, काचेला मेहुण्याची जीपीएसची डबी. मेहुण्याचं पालुपद एकच, “दाजी, डबीला नेट लागत नाही!” अरे, फोनच्या जीपीएसलाही लागत नाही. दोघंही जवळपास 20,200 किलोमीटर उंचीवरच्या त्याच उपग्रहांचं ऐकतात, आणि जागा पक्की करायला दोघांनाही किमान चार उपग्रह दिसावे लागतात. नेट लागतं ते नकाशा आणायला आणि पुढची कोंडी कळायला. निघायच्या आधी वाय-फायवर त्या टापूचा नकाशा उतरवून ठेवला, की रेंज गेली तरी फोन रस्ता सांगतो. फक्त कोंडीबद्दल तोंड उघडत नाही.

नेट असलं की फोनला उपग्रहांची ताजी माहिती आयती मिळते, म्हणून तो काही सेकंदांत भानावर येतो. साध्या डबीला ती आकाशातूनच टिपून घ्यावी लागते, तीही सेकंदाला 50 बिट या गोगलगायीच्या वेगाने. एका उपग्रहाचा तपशील यायला अर्धं मिनिट, आणि सगळ्या उपग्रहांचं पंचांग यायला साडेबारा. म्हणून महिनोन् महिने कपाटात पडलेली डबी लावली, की दोन-तीन मिनिटं गाडी मोकळ्या आभाळाखाली उभी ठेवावी. मेहुणा ठेवत नाही. डबी बावचळते आणि खापर माझ्या ड्रायव्हिंगवर फुटतं.

फोनचीही दुखणी आहेत, नाही कुठे म्हणतोय? काचेतून येणारं ऊन, पूर्ण उजेडातली स्क्रीन आणि वर चार्जिंग. तापला की तो आधी उजेड कमी करतो, मग चार्जिंग बंद करतो. होल्डर एसीच्या जाळीवर लावला की बराच आराम पडतो. गाडीतलं जुनं यूएसबी अर्धा अँपिअर देतं आणि नकाशा त्याहून जास्त खातो, त्यामुळे केबल लावूनही टक्के उतरतच राहतात. लायटरच्या सॉकेटमध्ये निदान 2 अँपिअरचा चार्जर हवा. लोहचुंबकाचा होल्डर असेल तर फोनमधलं होकायंत्र बिथरतं आणि उभ्या गाडीत बाण भलतीकडे तोंड करून बसतो. गाडी हलली की सरळ होतो, कारण मग दिशा हालचालीवरून कळते. डबीवर मात्र ऐन चौकात कुणाचा फोन येत नाही, हे मान्य. पण तिचा नकाशा गेल्या वर्षीचा आणि अपडेट कित्येक जीबींचं. शिवाय मेहुण्याने सेटिंग ‘सर्वात कमी अंतर’ असं ठेवलेलं, म्हणजे दोनशे मीटर वाचवायला ती कुणाच्याही परसातून नेणार.

दिवसभर एक डावीकडे म्हणत होता, दुसरी उजवीकडे. संध्याकाळी मात्र दोघांनी एका सुरात सांगितलं, “तुम्ही मुक्कामी पोहोचला आहात.” समोर बंद फाटक.

“कुणाला भेटायचंय?”

“कुणाला नाही काका, बुकिंग आहे आमचं.”

“ते पुढच्या गेटला. हा मागचा.”

“बरं, मग वळवतो गाडी.”

“वळवायला जागा आत आहे. आत यायचं तर एंट्री करावी लागेल.” वही उघडली. पेन झटकलं. “भेटीचं कारण?”

“यू-टर्न.”

“असं नाही लिहिता येत साहेब. वरून तपासतात.” त्यांनी मागचं पान दाखवलं. वर ‘रस्ता चुकले’ आणि खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’. “फोन का डबी?”

“दोन्ही.”

पेन थांबलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. “दोन्ही असून?”

मग केबिनकडे तोंड करून हाक मारली, “अहो, बाहेर या जरा, दोन्हीवाले आलेत!” आतून आणखी एक गृहस्थ डोळे चोळत आले, गाडीभोवती एक चक्कर मारून काचेवरची डबी निरखून गेले. आत येण्याची वेळ 5:40, बाहेर जाण्याची 5:42. दोन्हीसमोर वेगवेगळ्या सह्या.

भानगड साधी आहे. मोठ्या आवाराचं नाव टाकून शोधलं की टाचणी बहुधा आवाराच्या मधोमध पडते. यंत्र तिथून सगळ्यात जवळचा रस्ता धरतं. मध्ये भिंत आहे का, फाटक उघडतं का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आधी उपग्रहाचं चित्र लावून मुख्य फाटक हुडकायचं, तिथे बोट दाबून धरायचं आणि त्या टाचणीला जायचं. डबीत भरायचे तर अक्षांश-रेखांश दशांशात आहेत की अंश-मिनिट-सेकंदांत, तेवढं बघून. पण हे मीच का करायचं? पोहोचलात म्हणून मोकळं व्हायचं आणि उरलेली चार किलोमीटरची भिंत आमच्या गळ्यात! चूक कळवायचं बटण ॲपमध्येच असतं.

“काका, रोज इतके लोक येतात, हे कुणीतरी कळवायला नको का?”

“कळवलं की वर.”

“मग?”

“मग त्यांनी ही वही दिली.”