'आर्किटेक्ट' अशी पाटी लावायला लागतं काय हो?

आज फोंड्याच्या बाजारात एक कोरी करकरीत पाटी दिसली. 'आर्किटेक्ट. प्लॅन, परवाना, बांधकाम सगळं करून मिळेल.' खाली दोन मोबाइल नंबर. नोंदणी क्रमांक? नावालाही नाही. डोकंच फिरलं.

कारण अशाच एका पाटीवाल्याने डिचोलीला माझ्या मावशीचं घर 'डिझाइन' केलंय. जिन्याच्या वळणावर बीम थेट कपाळाला लागतो. काकांना टाके पडले, तेव्हापासून त्याला सुतळीने जुनी उशी बांधून ठेवलीय. पाहुणा वर निघाला की मावशी खालूनच ओरडते, "वाकून रे, वाकून!"

1972 चा 'आर्किटेक्ट्स ॲक्ट' हा कायदा आहे. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या रजिस्टरमध्ये नाव नसेल तर स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नंबर 'सीए', मग वर्ष, मग क्रमांक असा असतो, काउन्सिलच्या साइटवर तपासता येतो. नोंदणी असलेल्याने गैरवर्तन केलं तर तक्रार होते, नाव रजिस्टरमधून जाऊही शकतं. म्हणजे निदान धरायला मानगूट तरी असते! मावशीने कोणाला धरायचं? गच्चीचा उतार त्या बहाद्दराने भिंतीकडे दिला, जूनमध्ये पाणी देवघरात उतरलं, आणि ह्याचा फोन बंद.

आता तो म्हापशात 'कन्सल्टंट' आहे म्हणे. चालतं! सुप्रीम कोर्टानेच 2020 मध्ये सांगितलं की ह्या कायद्याने बंदी आहे ती बिरुदावर, डिझाइनच्या कामावर नाही. आणि बिरुद चोरलं तरी पहिल्या वेळी दंड किती? फार तर 500 रुपये. एवढ्यात चांगला इसवण मासा येत नाही.

हो, नोंदणीवालेही काही जण दुसऱ्याच्या प्लॅनवर नुसती सही विकतात. ठाऊक आहे.

काका खाणीवर होते. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, हातात आले तेवढे पैसे त्या घरात घातले. त्या माणसाला शिव्या देताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "आमचं नशीब," एवढंच म्हणतात. कसलं नशीब, काका? मानकुराद घेताना आपण एकेक आंबा हुंगून बघतो, आणि इथे नंबर विचारायचा संकोच!

आता कोणीतरी लिहीलच, 'आर्किटेक्टची फी परवडत नाही.' मावशीने वॉटरप्रूफिंगला आजवर किती ओतले, ते आधी तिला विचारून या.