घेटुळीचा काढा आणि मोठेबाबांचा क्रिएटिनिन

भाऊ, तुम्ही रागावून लिहिलंत, पण सोबत आकडे आणि महिने दिलेत. त्यामुळे उत्तर नेमकं देता येतं. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. घेटुळी (पुनर्नवा), गोखरू आणि पळसफूल आपल्या वऱ्हाडात लघवीच्या तक्रारीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तुमच्या मोठेबाबांचा क्रिएटिनिन (किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, किडनी खालावली की हा आकडा चढतो) मे महिन्यात 2.4 होता. गावातल्या जाणत्या माणसानं काढा सुरू केला, गुडघ्याच्या गोळ्या बंद करायला लावल्या, आणि ऑगस्टात क्रिएटिनिन 1.9 आला. उंदरांवरचं संशोधनही घेटुळीच्या बाजूनं आहे. एवढं असून मागच्या लेखात ‘किडनीच्या रुग्णानं कोणताही काढा घेऊ नये’ असं लिहिलं, म्हणजे औषध कंपन्यांची वकिली केली, असा तुमचा आरोप आहे.

‘कोणताही काढा’ हे शब्द चुकलेच. लेखात आता दुरुस्ती केली आहे. पण मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. मुतखडा आणि किडनी निकामी होत जाणं हे दोन वेगळे आजार आहेत, आणि गावात दोन्हींवर एकच पुडी दिली जाते. पहिल्या आजारात किडनी बहुधा धडधाकट असते, फक्त वाटेत खडा अडकलेला असतो. दुसऱ्यात चाळणीच झिजलेली असते. पहिल्याला चालणारी वस्तू दुसऱ्याला घातक ठरू शकते. अगदी पाण्याचंही तसंच. खडे होणाऱ्या माणसानं दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यासाठी चार लिटरही कमी पडतं. किडनी बरीच खालावून पायांवर सूज आलेल्या माणसाला तेवढं पाणी पाजलं, तर ते फुप्फुसात साठून धाप लागते.

आता घेटुळी. तिच्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. लघवी सुटण्याच्या तिच्या गुणाचा एक भाग या क्षारांमुळे असावा, असं जुन्या अभ्यासकांनीही मानलं आहे. निरोगी किडनी जास्तीचं पोटॅशियम काही तासांत लघवीतून बाहेर टाकते. झिजलेल्या किडनीला ते जमत नाही. आणि काढ्याची कृती बघा. ग्रंथातलं माप असं की एक पल म्हणजे 48 ग्रॅम भरड घ्यायची, सोळापट म्हणजे पाऊण लिटरभर पाणी घालायचं आणि आठवा हिस्सा, साधारण शंभर मिली, उरेपर्यंत आटवायचं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं आणि उकळून उडून जात नाही. म्हणूनच पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञ सांगतात की भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. काढा म्हणजे नेमकं तेच फेकायचं पाणी आटवून प्यायला दिलेलं.

त्यात मोठेबाबांना रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर भर पडते, कारण याही गोळ्या पोटॅशियम थोडं वाढवतात. किडनीसाठी त्या चांगल्या आहेत, त्या मनानं बंद करायच्या नाहीत. पण सोबत काढा असेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासलंच पाहिजे. ते 3.5 ते 5.0 च्या आत असावं. 6 च्या वर गेलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ते वाढल्याचं माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही. ना दुखतं, ना खुपतं, आणि थेट हृदयाचे ठोके बिघडतात.

गोखरूबद्दल माझा पहिला प्रश्न हा की नेमकं काय दिलं होतं? आपल्या भागात या एका नावानं तीन झाडं ओळखली जातात. पहिला सराटा. जमिनीसरपट वाढतो, पिवळं फूल येतं, आणि फळाच्या पाच फाका होतात. प्रत्येक फाकेला दोन लांब आणि दोन आखूड काटे असतात. चपलेत घुसतो तो हाच, आणि औषधातला लहान गोखरू हाच. दुसरा मोठा गोखरू. फळ चौकोनी, कोपऱ्यांना काटे, आणि ओली फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. तिसरा पडीक रानात आणि नाल्याकाठी कमरेएवढा वाढणारा, ज्याला कुठं लांडगा तर कुठं गोखरूच म्हणतात. त्याचं फळ लांबट असतं, अंगभर आकडीसारखे काटे असतात, टोकाला दोन चोची असतात, आणि ते धोतराला नि ढोरांच्या शेपटीला चिकटतं. या तिसऱ्याच्या बियांत आणि कोवळ्या रोपांत कार्बोक्सिअट्रॅक्टिलोसाइड नावाचं विष असतं. ते पेशींचं ऊर्जेचं काम थांबवतं आणि यकृत निकामी करतं. 2007 मध्ये बांगलादेशातल्या सिल्हेट भागात पुरानंतर लोकांनी याची कोवळी रोपं भाजी म्हणून खाल्ली. 76 जण आजारी पडले आणि त्यातले 19 दगावले. बाजारात ‘गोखरू’ म्हणून भरड मागितली तर आत यातलं काय आहे हे पुडीवरून कळत नाही. म्हणून फळ अख्खं घ्या आणि कुटायच्या आधी फाका मोजा.

खरा सराटाही अगदी निर्धोक म्हणता येत नाही. इराणमध्ये एका तरुणानं खडे होऊ नयेत म्हणून सराट्याचं पाणी दोन दिवस घेतलं, आणि त्याला झटके येऊन यकृत व किडनी दोन्हींना इजा झाली. ही नोंद 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. एका रुग्णावरून झाड वाईट ठरत नाही. पण ‘वनस्पती आहे, अपाय होणारच नाही’ हे वाक्य मात्र तिथं टिकत नाही.

घेटुळीतही गफलत होते. पऱ्हाटीत तणासारखी पसरणारी, मांसल पानांची दुसरी एक वनस्पती पांढरी पुनर्नवा म्हणून विकली जाते. तिची फुलं पानांच्या बगलेत एकेकटी, देठाशिवाय बसतात. खऱ्या घेटुळीची फुलं बारीक देठांवर झुपक्यानं येतात, आणि फळं चिकट असल्यामुळे कपड्याला लागतात.

ज्या वनस्पतीबद्दल सगळ्यात जास्त काळजी वाटते तिचं नाव तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण ती काळ्या रानात सगळीकडे आहे. ती म्हणजे किडामारी. पान गोलसर, योगायोगानं किडनीच्याच आकाराचं, करडट हिरवं. चुरगाळलं की उग्र वास येतो. फूल काळपट जांभळं आणि नळीसारखं असतं. ढोराच्या जखमेत किडे पडले की हिचा रस पिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जंतांसाठी, तापासाठी ती माणसाला पोटात देतात, ते थांबलं पाहिजे. तिच्यात अरिस्टोलोकिक आम्ल असतं. बेल्जियममध्ये 1990 नंतर एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात याच कुळातली चिनी वनस्पती नावाच्या गोंधळामुळे दुसऱ्या मुळीच्या जागी दिली गेली, आणि शंभराहून जास्त स्त्रियांच्या किडन्या खराब झाल्या. 1993 मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात आलं. पुढे त्यांच्यातल्या अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. हे विष किडनीच्या नलिकांभोवती व्रण तयार करतं, आणि औषध बंद केल्यावरही तो व्रण वाढत राहू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं हे आम्ल माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. हिचं सुरक्षित माप असं काही नाही.

आता तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा, 2.4 वरून 1.9. हा फरक खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. साठ वर्षांच्या पुरुषात 2.4 म्हणजे किडनीचं काम (रक्त गाळण्याचा वेग, ईजीएफआर, मिनिटाला मिली) अंदाजे 30, आणि 1.9 म्हणजे अंदाजे 40. ही मोठी सुधारणा आहे. पण त्या तीन महिन्यांत काय काय बदललं ते तुम्हीच लिहिलं आहे. गुडघ्याच्या गोळ्या बंद झाल्या. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी आवळतात. शरीरात पाणी पुरेसं असेल तर किडनी निभावून नेते. दर्यापूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर असतो. अशा वेळी वावरात राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आधीच आटलेलं असतं, त्यावर ही गोळी, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तीही. तिन्ही एकत्र आल्यावर क्रिएटिनिन झरकन चढतो. गोळी थांबली, पाऊस पडला, की तो आपोआप खाली येतो. त्या जाणत्या माणसानं गोळ्या बंद करायला लावल्या, हे त्यानं मोलाचं काम केलं. माझ्या मते मोठेबाबांना बहुतेक फायदा त्यातूनच झाला.

आणखी एक गोष्ट तपासा. या काळात मोठेबाबांचं वजन घटलं का, हातपाय बारीक झाले का? क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतो. माणूस खंगला की किडनी न सुधारताही आकडा उतरतो. दोन्ही तपासण्या वेगवेगळ्या लॅबच्या असतील तर थोडा फरक त्यामुळेही पडतो. पण अर्ध्या अंकाचा फरक एकट्या लॅबमुळे सहसा पडत नाही.

उंदरांवरचं संशोधन मी बाजूला सारत नाही, फक्त ते कशावर केलेलं असतं ते बघायला हवं. खड्यांसाठी उंदरांना पिण्याच्या पाण्यातून 0.75 टक्के एथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन चार आठवडे देतात, त्यानं ऑक्झलेटचे स्फटिक तयार होतात. किडनीच्या इजेसाठी जेंटामायसिन या प्रतिजैविकाची इंजेक्शनं आठवडाभर देतात. आणि वनस्पतीचा अर्क बहुधा विषासोबतच किंवा त्याच्या आधीपासून चालू असतो. यातून कळतं ते एवढंच की ताज्या विषाचा मार अर्कानं थोडा कमी झाला. दहा वर्षांच्या साखरेनं नि रक्तदाबानं व्रण पडून आकसलेल्या किडनीबद्दल त्यातून काही कळत नाही.

मापाचंही तसंच. अशा प्रयोगांत साधारण किलोला 200 ते 400 मिलीग्राम अर्क देतात. उंदराचं माप माणसाला लावताना 6.2 नं भागतात. म्हणजे 400 चे झाले 65, आणि साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास 3.9 ग्रॅम अर्क. वाळलेल्या झाडातून दहा टक्के अर्क निघाला असं धरलं तर रोज 39 ग्रॅम सुकी वनस्पती, म्हणजे वर सांगितलेल्या ग्रंथातल्या 48 ग्रॅमच्या जवळपास. पण प्रयोगातला अर्क बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो, आणि आपला काढा पाण्यातला. दोन्हींत उतरणारी द्रव्यं वेगळी.

वनस्पतींच्या बाजूनं माणसांवरचे पुरावेही आहेत, तेही सांगितले पाहिजेत. भुईआवळीच्या जातीवर इटलीत 150 रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2006 मध्ये छापून आला. यंत्रानं खडे फोडल्यानंतर रोज 2 ग्रॅम अर्क किमान तीन महिने दिला. एकूण फरक ठोस निघाला नाही, पण किडनीच्या खालच्या कप्प्यात अडकलेल्या खड्यांचे तुकडे बाहेर पडायला मदत झालेली दिसली. हा पुरावा खड्याचा आहे, झिजलेल्या किडनीचा नाही. भुईआवळी घ्यायचीच तर ती कुठं चालेल, हे त्यावरून कळतं.

आणि किडनीच्या झिजेवर आज जे औषध सर्रास लिहून देतात, ते डॅपाग्लिफ्लोझिन, त्याचं मूळही झाडातच आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून 1835 मध्ये फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं केलं गेलं. त्यानं लघवीतून साखर जाते हे 1886 मध्ये फॉन मेरिंगनं दाखवलं. पण पोटात गेल्यावर ते आतड्यात मोडतं, आणि जिथं नको तिथंही परिणाम करतं. त्याचा रेणू बदलून टिकाऊ करायला शंभरावर वर्षं गेली. 2020 मध्ये 4304 रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात किडनीचं काम 25 ते 75 च्या दरम्यान असलेले आणि लघवीतून प्रथिन जाणारे रुग्ण होते. किडनी आणखी ढासळण्याचा, डायलिसिसचा आणि किडनी किंवा हृदयविकारानं मृत्यूचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी घटला. भारतात त्याच्या मूळ रेणूचं पेटंट आता संपलं आहे, आणि आज अनेक देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या मिळतात. मोठेबाबांचा 30-40 चा आकडा या टप्प्यात बसतो. म्हणून हे औषध त्यांना लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब असतील किंवा उपास असेल त्या दिवशी ते थांबवायचं असतं, हेही तेव्हाच विचारून घ्या.

भस्मांबद्दल थोडक्यात सांगतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये लघवीतून प्रथिन जाण्याच्या एका विशिष्ट आजाराचा संबंध पारंपरिक औषधांशी जोडून दाखवला. अशा काही औषधांत पारा सापडला, आणि औषध बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. तेव्हा पुडीत झाडपाल्यासोबत काळी, लाल किंवा चकाकणारी भुकटी असेल तर ती देऊ नका.

पळसफुलांचा ओटीपोटावरचा गरम शेक चालू ठेवायला हरकत नाही. मात्र वयस्कर माणसाची लघवी पूर्ण तुंबली असेल, तर शेकत बसू नका. नळी घालायला लगेच न्या.

या आठवड्यात मोठेबाबांच्या एवढ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करून घ्या. क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (30 च्या खाली असावं), आणि किडनीची सोनोग्राफी. आदल्या दिवशी मटण नको. पोटॅशियमचा आकडा येईपर्यंत काढा थांबवा, गुडघ्याच्या गोळ्या तर नकोतच. काढा जर्मनच्या गंजात उकळत असतील तर तेही सांगा. झिजलेली किडनी अ‍ॅल्युमिनियम नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि काढ्यात आवळा-लिंबासारखं आंबट पडलं की ते जास्त उतरतं. आणि त्या पुडीतलं उरलेलं गोखरू कुटलेलं नसेल, तर एक फळ तळहातावर ठेवून उजेडात फोटो काढा आणि इथंच टाका. काटे मोजता येतील इतका जवळून.